मेस

नव्या पेठेत, अभ्यासिकेच्या मागच्या बोळात,
जिन्याच्या सातव्या पायरीपासून
फोडणीचा वास सुरू होतो.
दारावर पत्र्याची पाटी: शेवते मेस.
खाली खडूनं: तीन दिवसांच्या आतला
खाडा धरला जाणार नाही.
आणि रंगाचे पोपडे निघालेत तिथं
आधीच्या पाटीतला एक ‘ळ’ अजून दिसतो,
खाणावळीतला शेवटचा.

मी दोन वर्षं तिथं जेवलो
आणि मेस हा शब्द आपलाच समजून होतो.
जिंतूरहून आईसुद्धा फोनवर विचारायची,
‘मेस लागली का रे?’
जशी नोकरी लागते,
जशी दृष्ट लागते.

तेजल वाघचौरे रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच शिकायची.
आमटीत चपाती बुडवून म्हणाली,
हा शब्द जुन्या फ्रेंचांचा.
मेस म्हणजे पानात वाढलेलं, एका वेळचं.
त्याच्या मागं लॅटिन: पुढ्यात ठेवलेलं.
आणि त्याच्याही मागं गेलं तर
नुसतंच
पाठवलेलं.

विष्णुदास डोंगरे हसला.
‘इंग्रजीत तर मेस म्हणजे पसारा.’
‘तो अर्थ मागनं आला. सगळं एकात कालवल्यावर.’
विष्णुदासनं स्वतःच्या ताटाकडं बघितलं,
भात, आमटी, मटकी, ताक,
सीमाच पुसलेल्या,
आणि पुढचा घास घेतला.

त्या रात्री पाठांतरात कलमांऐवजी
तो शब्दच येत राहिला.
रोमहून निघाला कुणीतरी धाडला म्हणून,
फ्रान्सात पानावर बसला,
गोऱ्यांच्या पलटणीत भरती झाला,
बोटीनं येऊन आपल्या लष्करात उतरला,
काट्याचमच्यांत पिढ्या काढल्या त्यानं
आणि मग कधीतरी नदी ओलांडून
पेठांत शिरला, मांडी घालून बसला,
चार परीक्षा हुकल्या तरी
गावी परत न गेलेल्या पोरासारखा.

जूनमध्ये बाबांचे पैसे आले नाहीत.
जुलैत फक्त फोन आला, तोही बैलाबद्दल.
मी सलग चार दिवस मेसला गेलो नाही.
केळी, पाणी, अभ्यासिकेचा पंखा.
पाचव्या दिवशी जाऊन म्हणालो,
‘बाई, चार खाडे मांडा.’

मालनबाई हिशोबाला करड्या.
पापडाचे पाच रुपये त्यांनी
जावयालाही सोडले नसते.
पिठाच्या बोटानं वहीचं पान उलटलं.
माझ्या नावापुढं चारही रकान्यांत ‘जे.’
म्हणजे जेवला.
‘चुकलंय, बाई.’
‘मी चुकत नसते. डबा पाठवला होता खोलीवर.
चारही दिवस. रिकामा परत आला, धुतलेला.’

तेव्हा आठवलं:
खिडकीत पालथा घातलेला स्टीलचा डबा,
मला वाटलं कुणाचा तरी असेल.
आणि विष्णुदास,
ज्यानं महिन्याभरापूर्वी मेस सोडली होती,
पोट बिघडलंय म्हणून,
आणि चार दिवस माझ्याशी बोलताना
पुस्तकातून मान वर काढत नव्हता.

वही उघडीच होती.
पाठवलेलं. ठेवलेलं. वाढलेलं.
शब्दाच्या मुळात कुठंच लिहिलेलं नाही
कुणाला.

‘बरोबर आहे,’ म्हणालो, ‘विसरलोच मी.’
बाईंनी माझ्याकडं पाहिलं,
जरा जास्तच वेळ,
आणि ओल्या फडक्यानं टेबल पुसत म्हणाल्या,
‘बस. दोघांचे मिळून मांडते, सवडीनं द्या.
पापड घेणार का?
त्याचे पाच मात्र आत्ता.’